नैवेद्यापूर्वीची भेट

८ जानेवारी १९९४, नारा

ओरिएचा एकोणपन्नासावा दिवस होऊन आज दोन आठवडे झाले. तिच्या मृत्यूनंतर मी ही वही मिटून ठेवली होती. शोकात असलेल्या माणसाची निरीक्षणे विश्वसनीय नसतात, असे मी चाळीस वर्षे शिकवत आलो. स्वतःला सूट देण्याचे कारण दिसले नाही. आता सुतक संपले आहे, म्हणून पुन्हा लिहायला घेतो.

घराचा क्रम पुढीलप्रमाणे आहे. साडेपाचला मी उठतो, हातपाय धुऊन देव्हाऱ्यासमोर बसतो, सूत्रपाठ करतो. सूनबाई तोकिको भांड्यातला पहिला भात पितळेच्या लहान वाटीत आणून ओरिएच्या नावाच्या पाटीपुढे ठेवते. उदबत्ती संपेपर्यंत कोणी खात नाही. मग नैवेद्य उतरवून मी खातो आणि त्यानंतर घर खाते. मुलगा केइसुके सहाच्या गाडीने ओसाकाला कामावर जातो, तो मात्र भाजलेला पाव खाऊन निघतो. हा नियमभंग असल्याचे मी निदर्शनास आणले, तेव्हा तोकिको शांतपणे म्हणाली, "पाव भातात मोडत नाही, बाबा." वर्गीकरणात दोष सापडला नाही.

या आठवड्यात दोनदा एक गोष्ट घडली. ती विशेषणांशिवाय नोंदवतो. पाठ संपण्याच्या सुमारास, मी जागा असताना, मला ओरिए दिसली. शेवटच्या आजारातली नव्हे. पंचवीस वर्षांची, ओउदा गावातल्या माहेरच्या अंगणात, कुझू नावाच्या वेलीच्या मुळांची तवकीर धुणारी. एकोणीसशे एकोणपन्नासच्या हिवाळ्यात मी तिला पहिल्यांदा पाहिले ते असेच. फरक एवढाच, की आजवर ती आठवण मला पुसट होती, आणि परवा मला तिच्या मनगटावरचे पाण्याचे थेंबसुद्धा मोजता आले असते.

पाठीवरचे कपडे घामाने ओले झाले होते. खोलीत श्वासाची वाफ दिसत होती.

१२ जानेवारी

आजची हकीकत तोकिकोने सांगितली तशी लिहितो, कारण मला तिच्यातले काही आठवत नाही. मी सहा वाजता देव्हाऱ्यासमोर नव्हतो. मागच्या अंगणात, विहिरीच्या झाकणाशी, अनवाणी उभा होतो. तिने चार वेळा हाक मारली. मी वळून तिच्याकडे पाहिले आणि "मालक घरात आहेत का?" असे विचारले. तिने हाताला धरून आत आणले. काल नैवेद्याला ठेवलेली तवकिरीची गोड वडी उतरवायची राहिली होती, ती तिने माझ्या तोंडात घातली. दहा मिनिटांनी मी तिला विचारले म्हणे, की पाठाची वेळ का चुकली.

तिला डॉक्टरकडे जायचे होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पत्नी गेल्यावर दोन महिन्यांत माणूस अनवाणी अंगणात गेला, तर त्याचा खुलासा करायला डॉक्टर लागत नाही, असे मी म्हणालो. पण सपाता तिने दाराशी न ठेवता माझ्या अंथरुणाशी आणून ठेवल्या.

१५ जानेवारी, पहाट

पाणी वाहते आहे. ओरिए पिंपावर वाकली आहे. बाह्या वर बांधल्या आहेत लाल दोरीने, उजवीकडची गाठ सैल, तिला सांगायला हवे. सत्त्व तळाला बसते आणि वरचे पाणी ती ओतून देते. तपकिरी. मग कमी तपकिरी. तुम्ही मास्तर ना, विचारते. हो. आई पण आहे, आई ओट्यावर बसली आहे, आई इथे कशी, आई तर मी लहान असताना. मुळे ठेचण्याचा वास. आता पाणी पांढरे. पांढरे पांढरे

१५ जानेवारी, दुपार

वरची नोंद आत्ता वाचली. अक्षर माझे आहे, वाक्यरचना माझी नाही. तरीही तिच्यात एक तपशील आहे जो मी रचू शकलो नसतो: उजव्या बाहीची सैल गाठ. ती गाठ खरोखर सैल होती. मी तेव्हा सांगितले नाही, कारण परक्या मुलीच्या बाहीविषयी बोलणे शोभले नसते. पंचेचाळीस वर्षांत मला ती एकदाही आठवली नव्हती.

भूक फार लागते. कमरपट्टा दोन बोटे सैल बांधावा लागतो. दुःखात माणसे वाळतात म्हणतात. माझ्या बाबतीत उलट दिसते.

२० जानेवारी

बारा दिवसांची निरीक्षणे समोर ठेवून अनुमान मांडतो, तरुण भिक्षूंना तर्कशास्त्र शिकवले त्याच रीतीने.

प्रतिज्ञा: ओरिएचे येणे नैवेद्याशी बांधलेले आहे. हेतू: कारण ती नैवेद्यापूर्वीच येते आणि नैवेद्य उतरवून खाल्ला की जाते. दृष्टांत: तारखा नऊ, अकरा, पंधरा, सतरा, एकोणीस. ज्या दिवशी उदबत्ती लवकर विझली आणि मी लवकर खाल्ले, त्या दिवशी ती आली नाही. ज्या दिवशी नैवेद्य गोड होता, त्या दिवशी ती अधिक त्वरेने गेली. तिला गोड आवडायचे, ते स्वीकारून ती तृप्त होत असावी.

मृतांविषयी असे विधान करताना मला संकोच वाटतो, हे नमूद करतो. पण निरीक्षण गैरसोयीचे आहे म्हणून ते टाकून देणे हा त्याहून मोठा दोष.

उद्यापासून नैवेद्य साडेसातला.

२३ जानेवारी

नैवेद्य साडेआठला नेला. ओरिए जवळजवळ तासभर होती. तिने पिंपातले पाणी आठ वेळा बदलले. तिच्या वडिलांच्या घरच्या त्या अंगणाला पूर्वेकडे भिंत नव्हती आणि ऊन थेट तिच्या मानेवर पडे, हे मला आज कळले. की आठवले, ते सांगता येत नाही. तरुणपणी मी त्या घरी गेलो तो एका वादसभेसाठी वर्गणी मागायला. परतीच्या वाटेवर मी सभेतला पूर्वपक्ष विसरलो होतो, एवढेच त्या वेळी स्वतःशी कबूल केले होते.

तोकिकोची तक्रार: घर उपाशी राहते. मी तिला पावाची आठवण करून दिली.

"मी पाव खातेच आहे, बाबा," ती म्हणाली. "माझ्याबद्दल बोलतच नाहीये मी."

२७ जानेवारी

आज राग आला, आणि मला राग क्वचित येतो. आठच्या सुमारास, नैवेद्य झालेला नसताना, तोकिकोने तवकीर आणि साखर घालून गरम पेय केले, तेही तिच्या स्वतःच्या कपात, आणि चमच्याने मला पाजले. देव्हारा नाही, उदबत्ती नाही, काही नाही. ओरिए बोलण्याच्या बेतात होती. ती अर्ध्यावर विरली.

मी म्हणालो, की तू माझा एक दिवस नासवलास. तोकिको कप विसळत पाठमोरी होती. म्हणाली, "तुम्ही मला ओळखलं नव्हतं. मला 'अहो बाई' म्हणालात."

निरीक्षण वहीत घ्यायलाच हवे: नैवेद्याशिवाय ओरिए गेली. माझ्या अनुमानाला ही बाधा आहे काय? नसावी. ती तवकीर ओरिएच्या माहेराहून आलेली होती, म्हणजे एका अर्थी तिचीच.

(संध्याकाळी पुन्हा वाचले. 'एका अर्थी' हे शब्द एखाद्या विद्यार्थ्याने वापरले असते, तर मी त्याला खाली बसवले असते.)

२९ जानेवारी

जिकाई आला. आम्ही वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून एकमेकांचे प्रतिपक्षी आहोत. तो आता एका लहान मंदिराचा निवृत्त प्रमुख आहे, मधुमेही आहे आणि त्याची जीभ पूर्वीइतकीच सैल आहे. तोकिकोने त्याला बोलावले असणार. मी त्याला अनुमान दाखवले. त्याने चष्मा कपाळावर चढवून वही डोळ्यांशी धरली.

म्हणाला, की हेतू दुसऱ्याही कारणाने लागू पडत असेल तर तो हेतूच नव्हे, हे तूच माझ्या शिष्यांना रडवून शिकवलेस. सुनेने तुला बाधक उदाहरण कपात घालून, वर चमचा देऊन आणून दिले, आणि तू तिच्यावरच रागावलास. मग हसणे थांबवून त्याने विचारले, "घाम येतो का रे? हात थरथरतात?"

मी विषयांतर नको म्हणालो.

"विषयांतर नाही. मी औषध घेऊन जेवायला विसरलो की माझंही असंच होतं. एकदा तर माझ्या गुरूंना भेटून आलो मी. त्यांना जाऊन तीस वर्षं झाली होती."

मी सांगितले, की मी कोणतेही औषध घेत नाही, मला मधुमेह नाही, म्हणून त्याचा दृष्टांत येथे लागू होत नाही. जाताना तो दारात तोकिकोशी हळू आवाजात बोलला.

१ फेब्रुवारी

नैवेद्य दहाला. ओरिए पूर्ण वाक्ये बोलते. उद्या अकरा.

९ फेब्रुवारी, रुग्णालय

दोन फेब्रुवारीला काय झाले ते इतरांकडून समजले. पावणेनऊला मी देव्हाऱ्यासमोर आडवा पडलो होतो, दात आवळलेले, अंग ताठ. तोकिको ओठांना मध लावू पाहत होती, तो आत जाईना. रुग्णवाहिकेत रक्तातली साखर मोजली ती चोवीस. डॉक्टर कुसुनोकी यांनी, म्हणजे येथील तरुण बाईंनी, मला हा आकडा सांगताना मी त्याचे गांभीर्य समजतो की नाही ते पाहिले. सत्तरच्या खाली माणूस गोंधळतो. चोवीसला तो सहसा परत येत नाही.

नळीतून साखर अखंड चढते आहे. सात सकाळी झाल्या. ओरिए आलेली नाही.

१२ फेब्रुवारी

डॉक्टरबाई अस्वस्थ आहेत, आणि त्यांच्या अस्वस्थतेचा आकार मला परिचित आहे. साखर खाली जाते, म्हणून शरीरात इन्सुलिन जास्त असले पाहिजे, असा त्यांचा हेतू होता. तपासणीत इन्सुलिन जवळजवळ शून्य निघाले. कोणी बाहेरून टोचले असते तरी ते दिसले असते. म्हणजे धूर आहे आणि अग्नी नाही.

मी म्हणालो, की इन्सुलिनसारखे वागणारे, पण इन्सुलिन नसलेले काही असू शकेल. त्या थबकल्या. "आजोबा, तुम्ही काय शिकवायचात?" मी सांगितले. त्यांनी माझे पोट पुन्हा, या वेळी बराच वेळ दाबून पाहिले. उजव्या बरगडीखाली त्यांची बोटे थांबली.

कमरपट्टा सैल करावा लागत होता तो भुकेमुळे, असे मी धरून चाललो होतो. हा माझा दुसरा असिद्ध हेतू.

१६ फेब्रुवारी

यकृतात गाठ आहे. लांबी पंधरा सेंटिमीटर. तंतुमय, संथ वाढणारी, बहुधा दहा वर्षे माझ्याबरोबर राहिलेली. डॉक्टरबाईंनी अशी एकच वाचली होती, पाहिली कधीच नव्हती. त्यांच्या वरिष्ठांनी उभ्या आयुष्यात एक पाहिली आहे. ही गाठ इन्सुलिनच्या रूपाशी मिळतेजुळते द्रव्य रक्तात सोडते. शरीर त्याला फसते, साखर पेशींत ओढून घेते. आणि यकृताने रात्रभर जी साखर पुरवायची, तीही ते पुरवत नाही. म्हणून सर्वांत वाईट वेळ पहाटेची, उपाशीपोटी.

म्हणजे माझे अनुमान निम्मे बरोबर होते. ती खरोखर नैवेद्यापूर्वीच येत होती.

केइसुके कामावरून तडक आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि गाठ बाहेर काढता येते का, एवढेच विचारले. येते. काढली तर साखर सावरते. यकृताचा उजवा भाग जाईल. माझ्या वयाला दहातला एक दगावतो. न काढल्यास दर तीन तासांनी खायचे, रात्रीसुद्धा, आणि तरीही एका सकाळी कोणी वेळेवर येणार नाही. निर्णय माझा.

१९ फेब्रुवारी

मी जिकाईला वादासाठी बोलावले. पलंगावर बसून वाद मी प्रथमच केला. तोकिको खिडकीशी संत्री सोलत होती.

माझी प्रतिज्ञा: शस्त्रक्रिया करू नये. हेतू: शस्त्रक्रियेने जे मिळेल, म्हणजे आयुष्य, ते मला आधीच पुष्कळ मिळाले आहे, आणि शस्त्रक्रियेने जे जाईल ते दुसरीकडे कोठे मिळत नाही. त्या नऊ-दहा पहाटा मी सांगितल्या. गाठीने मला फसवले हे मान्य. पण बाहीची सैल गाठ खरी होती, मानेवरचे ऊन खरे होते. खोट्या साधनाने खरी वस्तू दाखवली, तर वस्तू टाकावी काय?

जिकाईने आपली बाजू चांगली लढवली. घरी गेल्यावर मी नैवेद्याची वेळ पुन्हा पुढे ढकलेन, हे त्याने माझ्याकडून कबूल करून घेतले. "याला आमच्याकडे मरणं म्हणतात," तो म्हणाला. मी म्हणालो, की वस्तूचे नाव सांगणे म्हणजे खंडन नव्हे. मला माहीत आहे, की मी जिंकत होतो.

तोकिकोने फोडींची बशी माझ्यासमोर ठेवली.

"मी बोलू का? मला तुमचं शास्त्र येत नाही." ती हात पुसत राहिली. "त्या पाण्याबद्दल सासूबाई माझ्याशी एकदाच बोलल्या. गेल्या पावसाळ्यात, मी त्यांचे हात शेकत होते तेव्हा. म्हणाल्या, लग्न ठरलं तेव्हा मुलगा कसा आहे ते मी विचारलंच नव्हतं. त्या घरी थंड पाण्यात हात घालावे लागतील का, एवढंच विचारलं होतं. सांगितलं, मास्तरांचं घर आहे, नाही लागणार. म्हणून हो म्हणाले." तिने माझ्याकडे पाहिले नाही. "त्रेचाळीस वर्षं त्यांनी तुम्हाला रोज सकाळी गरम पेज वाढली, बाबा. आणि तुम्ही रोज सकाळी त्यांना त्या पिंपाशी नेऊन उभं करता. त्या तिथंच राहाव्यात म्हणून उपाशी राहता."

जिकाईने बशीतली फोड उचलली आणि मधुमेहाची आठवण होऊन परत ठेवली.

मी उत्तर शोधले. अर्धा तास शोधले. मला दिसत होती ती खरी ओरिए, असे मी गृहीत धरले होते; ती केवळ मी पाहिलेली ओरिए होती. प्रतिज्ञेचा विषयच सिद्ध नसेल, तर पुढचे सर्व बांधकाम हवेत राहते. हा दोष विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी शिकवतात.

संमतिपत्र मागवले. सही नेहमीसारखी आली नाही. हाताला नळी होती.

२८ फेब्रुवारी

उद्या सकाळी. मध्यरात्रीनंतर तोंडाने काही घ्यायचे नाही, पण नळीतून साखर चालू राहील. डॉक्टरबाईंनी ती थोडा वेळही बंद होणार नाही याची खात्री दिली. मी विचारलेले नव्हते. माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी काय ताडले, कोण जाणे.

२३ मार्च, घरी

काल सोडले. उपाशीपोटीची साखर चौऱ्याण्णव. गाठ एक किलो सहाशे ग्रॅमची होती. जिकाईने तिचे बारसे करायची सूचना केली आणि टाके दुखेपर्यंत मला हसवले.

आज साडेपाचला देव्हाऱ्यासमोर बसलो. पाठ केला. तोकिकोने भात आणून ठेवला. उदबत्ती आपल्या गतीने संपली. कोणी आले नाही. मी मुद्दाम अंगण आठवू लागलो: पिंप कोठे होते, भिंत कोणत्या बाजूला नव्हती. ते मला वहीत पाहावे लागले. वहीत लिहिले आहे म्हणून मी त्यावर विश्वास ठेवतो, एखाद्या परक्याच्या साक्षीवर ठेवावा तसा. मग भूक लागली, साधी, सकाळची. नैवेद्य उतरवून खाल्ला.

२४ मार्च

मी तोकिकोला विचारले, की शेवटच्या वर्षी ओरिए दिवसभर काय करत असे. मी तेव्हा पलीकडच्या खोलीत एका जुन्या टीकाग्रंथाची शुद्ध प्रत करत होतो. भिंत कागदाची, पलीकडे नेहमी शांतता असे. ती झोपत असावी, असे माझे अनुमान होते.

तोकिको आधी सांगेना. मग म्हणाली, "रागावणार नसाल तर सांगते. आम्ही कुस्त्या ऐकायचो."

सुमोचे सामने असले, की रोज संध्याकाळी रेडिओ लावायच्या. मला व्यत्यय नको म्हणून आवाज इतका बारीक, की दोघींना डोकी रेडिओला टेकवून बसावे लागे, आणि मग ती एकमेकांना टेकत. ओरिएचा एक मल्ल ठरलेला होता, एक धिप्पाड माणूस, जो दर खेपेला शेवटच्या क्षणी आपल्याच वजनाने रिंगणाबाहेर जाई. तो हरला की ओरिए उशीत तोंड खुपसून हसे. सप्टेंबरात तिला उठून बसवेना, तेव्हा तोकिको तिच्या शेजारी आडवी होऊन रेडिओ दोघींच्या मध्ये ठेवत असे. त्याच महिन्यात तो मल्ल एकदा जिंकला. त्या दिवशी ओरिएने तोकिकोचा हात इतका घट्ट दाबला, की तिला नवल वाटले, यांच्यात एवढी शक्ती अजून आहे.

आमच्या शास्त्रात ज्ञानाची प्रमाणे दोनच: प्रत्यक्ष आणि अनुमान. दुसऱ्याने सांगितले म्हणून मानणे, याला आम्ही स्वतंत्र स्थान देत नाही, आणि यावर मी अनेकांना निरुत्तर केले आहे. वर लिहिलेले मी पाहिलेले नाही. माझे अनुमान तर नेमके उलट होते. तरीही ते मी येथे लिहून ठेवतो, आणि खाली शंका नोंदवत नाही.

ओसाकाचे वसंत सामने सध्या चालू आहेत. पाच वाजता तोकिकोला रेडिओ आणायला सांगितला. तो मल्ल अजून खेळतो, आजही होता. तिने सवयीने आवाज अगदी बारीक केला आणि डोके वाकवले. मी हात लांब करून तो वाढवला.